पझेशन लांबलं की करात काय वाढतं, आणि आधीच काय करून ठेवायचं

बिल्डरनं पझेशनची तारीख पुढे ढकलली की घरात दोन हिशेब सुरू होतात, भाड्याचा आणि हप्त्याचा. कराचा तिसरा हिशेब बहुतेकांना किल्ल्या हातात आल्यावर, रिटर्न भरताना कळतो. मी चिंचवडला करसल्ल्याचं काम करते. पुनावळे, ताथवडे, मोशी, चऱ्होली या भागांत बुकिंग केलेली नोकरदार माणसं दर जुलैत कागदांची पिशवी घेऊन येतात, आणि उशिराचा हा भुर्दंड त्यांना माझ्या टेबलावर समजतो. तोवर बरेचसे मार्ग बंद झालेले असतात. म्हणून घर अजून तयार झालेलं नसेल तर हे आत्ताच वाचा.

एक खुलासा आधीच करते. 1 एप्रिल 2026पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. मी जुनेच क्रमांक वापरते, कारण तुमच्या फायलीतल्या कागदांवर तेच आहेत.

पहिलं काम म्हणजे कोऱ्या कागदावर तारखा उतरवणं. अ‍ॅग्रीमेंट कधी झालं? बँकेनं बिल्डरला पहिली रक्कम कधी सोडली? जुनं घर विकून हे घेत असाल तर त्या घराच्या विक्रीचं खरेदीखत कधीचं? महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाच्या साइटवर प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख कोणती आणि सुधारित कोणती? त्या पानाची प्रिंट तारखेसकट काढून ठेवा. प्रत्येक सवलतीची मुदत यांतल्या वेगळ्या तारखेपासून मोजली जाते आणि लोकांची गल्लत होते ती इथेच.

सगळ्यात मोठा फटका गृहकर्जाच्या व्याजाचा. जुन्या करपद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या कर्जावरचं व्याज वर्षाला 2 लाखांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं. हे कलम 24(ब). त्याला अट अशी, की ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर पूर्ण व्हायला हवं. नाही झालं, तर मर्यादा 2 लाखांवरून थेट 30,000 वर येते. तीही एका वर्षापुरती नाही, त्या कर्जाला कायमची.

माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याचं उदाहरण घ्या. दोघंही हिंजवडीत नोकरीला, फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज 55 लाखांचं. बँकेनं पहिली रक्कम ऑगस्ट 2018 मध्ये सोडली. ते आर्थिक वर्ष 31 मार्च 2019 ला संपलं, म्हणजे पाच वर्षं भरली 31 मार्च 2024 ला. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, आपण ज्याला ओसी म्हणतो ते, आलं जुलै 2024 मध्ये. मार्चअखेर आलं असतं तर दोघांनाही प्रत्येकी 2 लाखांची वजावट मिळाली असती. आता प्रत्येकी 30,000. माणशी 1,70,000 रुपयांची वजावट गेली. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट त्याचा कर होतो 53,040 रुपये, दोघांचा मिळून 1,06,080. दरसाल. बिल्डरच्या माफीच्या पत्रात या रकमेचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि त्या दोघांनाही ही अट कुणी सांगितलेली नव्हती, ना बँकेनं, ना बुकिंग करून देणाऱ्यानं.

अशी वेळ येऊ नये म्हणून मुदत संपायच्या वर्षभर आधी बिल्डरला लेखी विचारा की तुमच्या विंगसाठी पार्ट ओसीचा अर्ज करणार का. मोठ्या प्रकल्पात सगळे टॉवर व्हायची वाट बघायची गरज नसते, तयार इमारतीपुरतं प्रमाणपत्र मिळू शकतं. एकट्यानं विचारलंत तर विषय टोलवला जाईल. पण चाळीस जणांच्या सह्यांचं पत्र गेलं आणि त्यात 31 मार्च ही तारीख ठळक असली, की त्याला उत्तर द्यावं लागतं. बहुतेकांची कर्जं एक-दोन वर्षांच्या अंतरानं झालेली असतात, त्यामुळे ही गरज सगळ्यांचीच असते.

आणि फिट-आऊट पझेशनवर विसंबू नका. फर्निचर करून घ्या म्हणून ओसीच्या आधी किल्ल्या देतात, सोबत एक छापील पत्र देतात. ते पत्र म्हणजे घर पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हे. वजावटीच्या फायलीत मी ओसीच लावते.

मुदत गेलीच असेल तर? तरी एक मार्ग उरतो. 30,000 ची मर्यादा स्वतः राहायच्या घराला आहे, भाड्यानं दिलेल्या घराला नाही. घर खरोखरच भाड्यानं दिलं तर भाड्यातून मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्याच्या 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि व्याज पूर्ण धरता येतं. त्यातून येणारा तोटा जुन्या पद्धतीत वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वळता होतो, बाकीचा आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो. वर सांगितलेल्या जोडप्यानं हेच केलं. फ्लॅट भाड्यानं दिला आणि स्वतः वाकडलाच राहिले, मुलीची शाळाही तिथेच होती. पण करार, भाड्याची बँकेतली नोंद, सगळं खरं हवं. मेव्हण्याच्या नावानं कागदोपत्री भाडेकरू उभा करायला मी कुणालाही मदत करत नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही, भाड्याच्या घराचा तोटाही पगारातून वळता होत नाही. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे अनेकांना ती पद्धतच परवडते. 2018 ला कर्ज घेताना केलेला हिशेब आज तसाच धरून चालू नका. दोन्ही पद्धतींनी आकडे मांडा, मगच ठरवा.

बांधकामाच्या काळात भरलेल्या व्याजाबद्दलही मोठा गैरसमज आहे. घर पूर्ण होण्याच्या आधीच्या 31 मार्चपर्यंतचं सगळं व्याज बेरीज करून पाच समान भागांत पुढच्या पाच वर्षांत मागता येतं, हे खरं. पण स्वतः राहायच्या घरासाठी ते त्याच 2 लाखांच्या किंवा 30,000 च्या मर्यादेत बसवायचं असतं, त्यावर जादा मिळत नाही. चालू वर्षाचंच व्याज 2 लाखांच्या वर असेल तर आधीचं व्याज नुसतं कागदावर राहतं. त्या काळात मुद्दल फेडलं असेल तर त्याची 80सी खालची वजावटही मिळत नाही. म्हणून बँकेकडून दर वर्षीचं व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवणारं प्रमाणपत्र सुरुवातीपासून मागून ठेवा. बॅलन्स ट्रान्सफर करून दुसऱ्या बँकेत गेलात की जुन्या बँकेकडून सहा वर्षांपूर्वीचा कागद मिळवताना दमछाक होते.

आता जुनं घर विकून नवं घेणाऱ्यांचं. यांच्यासाठी उशीर जास्त घातक, कारण इथे मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजतात. कलम 54 प्रमाणे घर विकल्याचा नफा नव्या घरात घातला तर करमाफी मिळते. तयार घर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. बिल्डरकडच्या बुकिंगला बांधकाम धरून तीन वर्षं मिळावीत, यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची 1986 आणि 1993 ची परिपत्रकं आधाराला घेतली जातात. रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम मात्र बँकेत भांडवली नफा खात्यात टाकावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही.

निवृत्त झालेल्या एका बाईंनी फेब्रुवारी 2022 मध्ये जुना फ्लॅट विकला. नफा 32 लाख. जुलैपर्यंत 14 लाख बिल्डरला दिले, 18 लाख त्या खात्यात टाकले. इथवर सगळं चोख. पण हप्ते एकेक मजल्याचा स्लॅब पडेल तसे द्यायचे होते आणि काम नवव्या मजल्यावर थांबलं. फेब्रुवारी 2025 ला तीन वर्षं भरली तेव्हा खात्यात 7 लाख शिल्लक होते. ते 7 लाख त्या वर्षीचा भांडवली नफा ठरले. बाकी 25 लाख बिल्डरकडे गेले होते. घर पूर्ण नसलं तरी पैसे मुदतीत दिलेले असतील तर सवलत नाकारू नये, असे उच्च न्यायालयांचे निकाल आहेत, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचा हिला जे. बी. वाडिया प्रकरणातला निकाल महत्त्वाचा. त्यासाठी प्रत्येक पावती, बँकेची नोंद आणि बिल्डरचं उशिराचं पत्र जपून ठेवावं लागतं.

त्यांना कुणीतरी सुचवलं होतं की मुदत संपायच्या आत उरलेले 7 लाखही बिल्डरला देऊन टाका, कर वाचेल. मी ठामपणे नको म्हटलं. अगदी 20 टक्क्यांनी धरला तरी सेससकट कर होतो 1,45,600. तेवढा वाचवायला बंद पडलेल्या साइटवर 7 लाख अडकवायचे नाहीत. कर भरला, आणि उरलेली रक्कम काढायला फॉर्म जी भरून कर अधिकाऱ्याची मंजुरी घेतली.

जुनं घर विकलं असेल तर माझा सल्ला असा, की विक्रीनंतर दीड वर्षानं साइटवर स्वतः जाऊन बघा. कागदावरच्या तारखेला काम कुठे असायला हवं होतं आणि आज कुठे आहे? फरक मोठा असेल तर तयार घर घेण्याची दोन वर्षांची मुदत अजून तुमच्या हातात असते. बुकिंग सोडून ओसी असलेलं घर घेण्याचा विचार तेव्हाच करायचा. दोन वर्षं उलटल्यावर तो पर्याय उरत नाही.

बुकिंग सोडायचं म्हटलं की दोन करांचे पैसे परत मिळवायचे असतात. मुद्रांक शुल्काचं असं आहे: महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 48 प्रमाणे, ताबा घेण्याआधी नोंदणीकृत रद्दलेख करून अ‍ॅग्रीमेंट रद्द केलं तर परतावा मागता येतो. पण रद्दलेख अ‍ॅग्रीमेंटच्या तारखेपासून पाच वर्षांत व्हायला हवा आणि अर्ज रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत. ही पाच वर्षं थेट सहीच्या दिवसापासून मोजतात, आर्थिक वर्षअखेरीपासून नव्हे. 60 लाखांच्या फ्लॅटवर 7 टक्क्यांनी 4,20,000 रुपये भरलेले असतात. आज देतो, उद्या देतो करत बिल्डरनं सहावं वर्ष उजाडू दिलं तर ते गेले. बिल्डर साध्या कागदावर कॅन्सलेशन करून देतो म्हणाला तर ऐकू नका, तो नोंदणीकृतच हवा.

जीएसटीचं वेगळं. बांधकाम चालू असलेल्या घरावर 1 एप्रिल 2019 पासूनच्या दरानं 5 टक्के, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. रद्द केल्यावर बिल्डर म्हणतो, जीएसटी सरकारजमा झाला, आम्ही देऊ शकत नाही. क्रेडिट नोटची, म्हणजे आधीचं बिल कमी केल्याचा कागद काढायची त्याची मुदत उलटून गेली असेल तर ते खरंही असतं. पण 27 डिसेंबर 2022 च्या परिपत्रकानं (क्रमांक 188) ग्राहकाला स्वतः परतावा मागायची सोय केली आहे. पॅनवर तात्पुरती नोंदणी घ्यायची, बिल्डरची नोंदणी ज्या राज्यात आहे तेच राज्य निवडायचं आणि पोर्टलवर अर्ज करायचा. बिल्डरच्या कॅन्सलेशन पत्रापासून दोन वर्षांची मुदत असते.

बुकिंग न सोडणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा. ओसी आली म्हणून राहिलेल्या हप्त्यावरचा जीएसटी माफ होत नाही. पूर्ण किंमत ओसीनंतर दिली असेल तरच घर जीएसटीमुक्त. तुम्ही आधी पैसे दिलेत, म्हणजे शेवटच्या हप्त्यावरही तो लागणार. पझेशनच्या डिमांड लेटरमध्ये तो दिसला की भांडण्यात वेळ घालवू नका, फक्त दर बरोबर आहे ना ते बघा.

घर 50 लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर प्रत्येक हप्त्यावर 1 टक्का टीडीएस तुम्हीच कापून 26क्यूबी हा फॉर्म भरायचा असतो. हप्ता बँकेनं परस्पर सोडला तरी जबाबदारी तुमचीच. उशीर झालेल्या प्रकल्पात दोन-दोन वर्षं मागणी येत नाही, मग अचानक येते, आणि 26क्यूबी राहून जातो. दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क लागतं, व्याज वेगळं.

महारेराकडे तक्रार करून उशिराचं व्याज मिळवलंत तर ते जरूर घ्या, रेरा कायद्याच्या कलम 18 नं तो हक्क दिला आहे. त्यावर कर कसा लागतो यात वाद आहेत, म्हणून आदेशाची प्रत सल्लागाराला दाखवा आणि एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात टीडीएस दिसत असेल तर रिटर्नमध्ये ती नोंद टाळू नका.

शेवटी किल्ल्या मिळाल्या आणि घर पुणे महापालिकेच्या हद्दीत असलं, तर स्वतः राहत असल्याचा पीटी-3 अर्ज मिळकतकर विभागात लगेच द्या. मिळकतकरातली 40 टक्क्यांची सवलत त्यावर मिळते. पोच घ्या आणि ओसीच्याच फायलीत लावा.