निळा हायड्रेंजिया निळाच कसा ठेवायचा

नर्सरीतून निळाभोर हायड्रेंजिया आणायचा आणि पुढच्या बहराला त्याच झाडावर गुलाबी गेंद बघायचे, हे पुण्यात नेहमीचंच. नर्सरीवाल्याने फसवलेलं नसतं. निळा रंग मातीतल्या ॲल्युमिनियममुळे येतो. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचच्या खाली असला की ते विरघळून मुळांना मिळतं. साडेसहाच्या वर गेला की ते मातीतच अडकतं आणि फूल गुलाबी होतं. मधल्या सामूला जांभळट. पांढऱ्या जातींना हे लागू नाही, त्यांच्यावर तुरटी वाया घालवू नका. (तुरटी कशाला? तिच्यातून ॲल्युमिनियम मिळतं.)

कुंडी १२ इंची. कोकणातली तांबडी माती, कोकोपीट आणि पानांचं खत समभाग. काळी माती नको, तिच्यात चुनखडी असते. सकाळचं ऊन, दुपारी सावली.

आता पाणी. इथे माझी दोन वर्षं गेली. दर पंधरवड्याला इमानेइतबारे तुरटी घालत होते आणि फुलं मात्र गुलाबीच. दोष तुरटीचा नव्हता, आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, ते पाणी रोज थोडा थोडा सामू वर चढवतं. म्हणजे एक दिवस औषध आणि चौदा दिवस कुपथ्य! वर मी फुलं भरघोस यावीत म्हणून बोनमील, म्हणजे हाडांचं खत, घालत होते. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला धरून ठेवतो, मुळांपर्यंत पोचूच देत नाही. बोनमील आणि सुपर फॉस्फेट, दोन्ही बंद करा.

पावसाचं पाणी पिंपात साठवा, ते सर्वांत उत्तम. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही घालू नका. काटकसर म्हणून अनेकजण घालतात, पण त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

तुरटीची पूड चहाचा एक चमचा, ४ लिटर पाण्यात, १५ दिवसांतून एकदा. आधी कुंडी साध्या पाण्याने भिजवून घ्या. कोरड्या मातीत तुरटी ओतली तर मुळं करपतात. कळ्या दिसल्यावर सुरुवात केलीत तर तो बहर गेलाच समजा.

गंजके खिळे पुरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. लोखंडाचा या रंगाशी संबंध नाही.

छाटणी फुलं संपताच, नंतर नाही.

आणि गुलाबीच हवा असेल तर यातलं काहीच करू नका. बोअर आहेच.