विंडोजचा मोठा अपडेट कधी घ्यावा आणि अंगाशी आला तर मागे कसं फिरावं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे दोनच सल्ले कानावर येतात: 'आला की लगेच टाका' आणि 'अपडेट कायमचे बंद करा'. दुसरा जास्त घातक. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चपासून उपलब्ध होता. बंद करून बसलेल्यांना तो मिळालाच नाही.

म्हणून दर महिन्याचे सुरक्षा अपडेट येऊ द्या. थांबवायचा तो मोठा अपडेट, म्हणजे वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती. ऑक्टोबर २०१८ ची आवृत्ती काहींच्या फायलीच उडवू लागली आणि मायक्रोसॉफ्टने ती चार दिवसांत मागे घेतली. तेव्हापासून मी दोन महिने थांबतो. पहिला मार दुसऱ्यांनी खाऊ दे.

१. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नवे अपडेट सगळ्यात आधी मिळवायचं बटण असेल, ते बंद ठेवा. नवी आवृत्ती सहसा वेगळ्या ओळीत 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' म्हणून दिसते. तिथे हात लावू नका. 'पॉज' दाबायचा सल्ला सगळेच देतात, पण त्याने सुरक्षा अपडेटही अडतात.

२. दोन महिने झाले की आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहा.

३. दिवस निवडा. २० तारखेच्या तोंडावर नको, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायचं असतं. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतही नको, बिघडलं तर माणूस मिळत नाही. यूपीएस चालू हवा.

४. टाकल्यावर लगेच प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन आणि टॅली चालवून बघा. 'उद्या बघू' म्हणू नका.

५. बिघडलं तर मागे फिरा. इथेच मी एकदा तोंडावर आपटलो. एका कारखान्यात नव्या आवृत्तीनंतर चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुका झाला. मी म्हटलं, काय मोठं, 'गो बॅक' करू. बघतो तर बटणच नाही. आदल्या दिवशी डिस्क भरली म्हणून मीच डिस्क क्लीनअप चालवलं होतं आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक केली होती. जुनी विंडोज विंडोज-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये असते. ते मीच पुसून बसलो होतो. रात्रभर सगळं नव्याने टाकलं. मालक शेजारी खुर्चीवर बसून होते, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

तर नीट ऐका. परतीची मुदत फक्त १० दिवस. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. अपडेटनंतर टाकलेली सॉफ्टवेअर यात जातात, म्हणून या दहा दिवसांत नवं काही टाकू नका. पासवर्ड बदलला असेल तर जुना आठवावा लागतो. 'फास्ट करून देतो' म्हणणारी साफसफाईची सॉफ्टवेअर तर अजिबात चालवू नका, ती हेच फोल्डर पहिलं गिळतात. मुदत कमांड प्रॉम्प्टमधून ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण तेही पहिल्या दहा दिवसांतच.

विंडोज १० वर अजून बसलेल्यांना मात्र थांबायची सवलत नाही. मायक्रोसॉफ्टचा तिला असलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशिन विंडोज ११ घेत नसेल, तर निदान बँकेचं आणि जीएसटीचं काम दुसऱ्या मशिनवर हलवा.