रोज चालूनही एलडीएल उतरत नसेल तर

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट, हातात आला की बहुतेकांची नजर टोटल कोलेस्टेरॉलवर जाते. तो आकडा तूर्त सोडा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वेगवेगळे पाहा, कारण व्यायामाला हे तिघं सारखी दाद देत नाहीत.

सगळ्यात लवकर उतरतं ते ट्रायग्लिसराइड. व्यायामाने स्नायूंमधलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) वाढतं आणि ते रक्तातली चरबी इंधनासाठी फोडतं. हा परिणाम जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून फक्त रविवारी तीन तास टेकडी चढण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस 30 ते 45 मिनिटं चाला. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जोडीला दोन दिवस दंड-बैठका किंवा वजनं. एचडीएल सावकाश आणि थोडंच वाढतं. एलडीएल मात्र नुसत्या व्यायामाने जेमतेम पाच टक्के हलतं. त्याहून जास्त उतरलं तर श्रेय बहुधा घटलेल्या वजनाचं किंवा बदललेल्या जेवणाचं असतं.

इथे घराणं आडवं येतं. अमेरिका-कॅनडातल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं 20 आठवडे एकाच पद्धतीने सायकल मारत होती. कुणाचं एचडीएल चांगलं वाढलं, कुणाचं ढिम्म हललं नाही, आणि एका घरातल्यांचा प्रतिसाद काही अंशी मिळताजुळता निघाला. तेव्हा शेजाऱ्याच्या रिपोर्टशी बरोबरी करू नका.

एलडीएल 190 किंवा जास्त असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि लघवीतली प्रथिनं तपासा. थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल चढतं. ते सगळं ठीक असेल तर आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी. यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. त्यांच्या जनुकाची एक प्रत बिघडली की एलडीएल जन्मापासूनच चढं राहतं. साधारण 250 ते 300 माणसांत एकाला असा दोष असतो. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 60 च्या आत हृदयविकार झालाय का, ते विचारा. टाचेमागची शिर जाड, गाठाळ लागते का, तेही चाचपा. असं असेल तर ‘आधी सहा महिने चालून बघू’ म्हणत कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी (स्टॅटिन) लांबवणं घातक आहे. चालणं सोडायचं नाही, पण जोरकस व्यायामाआधी डॉक्टरांना विचारा.

लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, आयुष्यात एकदा तपासून ठेवा. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं, व्यायामाने हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसतं. भारतीयांमध्ये ते बऱ्याच जणांचं जास्त निघतं.

फेरतपासणी 12 आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको, नाहीतर ट्रायग्लिसराइड खोटंच कमी दिसेल. नुकता मोठा ताप येऊन गेला असेल तर थोडं थांबा, आजारपणात एलडीएलही खाली येतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर सूत्राने काढलेलं एलडीएल धरू नका, ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

स्टॅटिन आणि नवा जड व्यायाम एकाच आठवड्यात सुरू करू नका. स्नायू दुखले तर दोष कुणाचा, ते कळत नाही. दुखण्यासोबत लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि आनुवंशिक दोष ठरला तर भावंडांची आणि मुलांचीही लिपिड तपासणी करा: प्रत्येकाला तो असण्याची शक्यता 50 टक्के. मूल सडपातळ आहे, दिवसभर खेळतं, म्हणून त्याला वगळू नका.