जुन्या चिरेबंदी घराला चुन्याचा गिलावा कसा करावा

जुनं घर दुरुस्त करताना पर्यावरणाची आठवण झाली की लोक सौर पॅनेल आणि एलईडी दिव्यांकडे वळतात. कोकणातल्या जांभ्याच्या घरात मात्र मोठं नुकसान भिंतींवर होतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट थापलं की काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. मग ते फोडायचं, डबर नदीकाठी ओतायचं आणि पुन्हा सिमेंटच्या गोणी आणायच्या. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटच्या किलोमागे ८०० ते ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि हा खर्च दर काही वर्षांनी नव्याने होतो.

कारण साधं आहे. अशा भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. सिमेंट त्याची वाट अडवतं. ओल आणखी वर चढते, सोबतचे क्षार गिलाव्यामागे साठतात, भिंतीला लोणा लागतो आणि आतला चिरा भुसभुशीत होतो.

१. काढून टाकणं. ऑक्टोबरात पाऊस संपला की सुरुवात करा. छिन्नी तिरकी धरून हातोडीनेच फोडा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्याने सांध्यांतली माती गळते आणि चिरे हलतात. वळचणीला अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते कापू किंवा फोडू नका. ओले करून अख्खे उतरवा आणि वेगळे ठेवा. दारांवरचा जुना ऑइलपेंट शिशाचा असू शकतो, तो कोरडा घासू नका. भिंतीला टेकलेला अंगणातला कोबा फूटभर रुंदीने काढा, नाहीतर पाऊस कोब्याखाली मुरून भिंतीतच शिरतो.

२. साठवणं. सागाची दारं, वासे आणि धड मंगलोरी कौलं जपा. फुटक्या कमी भाजलेल्या विटा बाजूला काढा, त्यांची सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, होईल. सिमेंट चिकटलेले तुकडे त्यात घालू नका.

३. चुना विरवणं. सगळं काम इथेच बनतं किंवा बिघडतं. बाजारातला पिशवीबंद भुकटीचा चुना अनेकदा हवेत आधीच मेलेला असतो, म्हणजे त्याची घट्ट होण्याची ताकद गेलेली असते. गिलाव्याला तो चालत नाही. भट्टीतून ताजी कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे न विरवलेले खडे, आणा. खडा हलका लागला पाहिजे आणि पाण्यात टाकताच सणसणला पाहिजे. थंड बसून राहिला तर परत करा.

लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, साधारण कळीच्या तिप्पट, आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीच्या ढिगावर पाणी कधीही ओतू नका, उकळता चुना उसळून तोंडावर येतो. प्लॅस्टिकचं पिंप वितळतं. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. पोरं आणि गुरं आसपास नकोत.

निवल्यावर बारीक जाळीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर पुढे भिंतीतच विरतो, फुगतो आणि खळगा पाडून उडतो. गाळलेला चुना दोन-तीन इंच पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवा. लोण्यासारखा झाला की घ्या. वर पाणी असेपर्यंत तो बिघडत नाही, मुरेल तितका चांगला.

४. मिश्रण. मापाने एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन धुतलेली रेती. सुरखी पिठासारखी चाळलेली हवी, कारण चुन्याला पक्कं करणारं काम तीच करते. पाणी जवळजवळ लागतच नाही. बडवून आणि मळूनच ते मऊ होतं. गवंडी ‘मजबुतीला मूठभर सिमेंट टाकू’ म्हणेल. ठामपणे नाही म्हणा. तेवढ्याशा सिमेंटने बळ येत नाही.

५. थर देणं. चिऱ्याची भिंत आदल्या रात्री आणि लावण्याआधी अर्धा तास भिजवा. मातीच्या भिंतीवर फक्त शिंपडा. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. खळगे आधी वेगळे भरा. पहिल्या थरावर ओरखडे ओढा आणि आठ-दहा दिवसांनी दुसरा द्या. पहिल्या दोन दिवसांत बारीक भेगा पडतील. त्या पुट्टीने बुजवू नका. भिंत किंचित ओलसर असतानाच गवंड्याच्या लाकडी रंध्याने दाबून घासा, म्हणजे मिटतात.

६. सुकवणं. बहुतेक गिलावे इथेच फसतात. सिमेंटसारखं सतत पाणी मारलं तर चुन्याला हवा मिळत नाही. पंखा लावला किंवा पश्चिमेचं ऊन लागलं तर वरचा थर पीठ होऊन गळतो. दोन आठवडे ओलं गोणपाट टांगा, मधे काढा, पुन्हा ओलं करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच चुना पुन्हा दगड होतो, अंदाजे महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून बाहेरचं काम डिसेंबर-जानेवारीत संपलं पाहिजे. मे महिन्यात लावलेला गिलावा पहिला पाऊस सहज धुऊन नेतो.

चुना प्रदूषणमुक्त आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. दगड भाजताना निघालेल्या वायूपैकी बराचसा तो भिंतीवर परत घेतो, पण भट्टीत जळालेल्या लाकडाचा किंवा कोळशाचा धूर परत येत नाही. चुन्याची खरी बचत अशी की भिंत श्वास घेत राहते आणि दर काही वर्षांनी सगळं फोडावं लागत नाही.

७. रंग. दुधासारखी पातळ चुन्याची सफेदी, तीन ते पाच हात. प्लॅस्टिक पेंट लावू नका, बाहेरून तर अजिबात नाही. तो सिमेंटसारखीच ओल कोंडतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.