घोट्यांना दात लावणारा बॉर्डर कोली

बेळगावच्या टिळकवाडीत आमचा बॉर्डर कोली कुत्रा पळणाऱ्या पोरांच्या घोट्यांना दात लावायचा. रागाने नव्हे, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळायला घडवलेली ही जात, पळणारं काहीही तिला कळपच वाटतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर कितीही पळवलं तरी फरक शून्य, उलट दम वाढला! शेवटी डोक्याला काम दिलं. जेवण वाटीत न देता अंगणात लपवायचं, नाकाने शोधू दे. पोरं पळाली की लांब दोरीवर ‘बस’, आणि माझ्याकडे बघितलं की लगेच खाऊ. चेंडू जवळजवळ बंदच. त्याचं व्यसन लागतं. उन्हाळ्यात केस भादरायचा सल्ला गल्लीभर मिळतो, पण केसांचा दुहेरी थर उन्हापासूनही राखतो, म्हणून नुसतं विंचरतो. पोरं आता बिनधास्त लगोरी खेळतात. स्कूटरवाल्यांचं मात्र अजून सांगता येत नाही.