विमानतळाच्या अग्निशमन दलाचा प्रमुख निवडताना

जाहिरातीचा मसुदा करण्याआधी आपल्या विमानतळाची अग्निशमन कॅटेगरी (किती मोठ्या विमानाच्या आगीला पुरेल इतकी तयारी, याची श्रेणी) किती आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती कुठे जाणार, हे पक्के करा. विमानाची लांबी आणि फ्यूजलाजची, म्हणजे विमानाच्या मुख्य धडाची, रुंदी यांवर ती ठरते. एअरबस ए३२१ साठी ७, बोइंग ७७७-३००ईआर साठी ९. लेव्हल बी (फोमच्या आग विझवण्याच्या क्षमतेचा एक दर्जा) फोम धरला तर आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, तक्त्यात ७ ला १२,१०० लिटर पाणी आणि दोन गाड्या आहेत. ९ ला २४,३०० लिटर पाणी, मिनिटाला ९,००० लिटरचा मारा आणि तीन गाड्या लागतात. त्यामुळे नुसती ‘वीस वर्षांचा अनुभव’ ही अट फारशी कामाची नाही. कोणत्या कॅटेगरीवर, किती वर्षे, स्वतःच्या जबाबदारीवर शिफ्ट चालवली, हे अर्जातच लिहून मागा.

महापालिकेच्या दलातले मोठे अधिकारी हमखास अर्ज करतात आणि मुलाखतीत छापही पाडतात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाचा अभ्यासक्रम हा उत्तम पाया आहे, यात वाद नाही. पण विमानाच्या आगीचे शिक्षण वेगळे. ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या दिल्ली किंवा कोलकाता केंद्रात, नाहीतर तशाच मान्यताप्राप्त ठिकाणी झालेले हवे. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना एअरलाइन्सचे विमान कोसळले, तेव्हा आग विझवण्याची सूत्रे ज्या अधिकाऱ्याकडे दिली गेली त्याचे हे प्रशिक्षणच झालेले नव्हते, असे तिथल्या चौकशीत नोंदवले गेले. फेसाखाली झाकल्या गेलेल्या एका प्रवासी मुलीवरून तिथे अग्निशमन वाहन गेले. हा प्रसंग उमेदवारापुढे ठेवा आणि विचारा: तुमच्या ड्रायव्हरला काय शिकवाल? गाडीपुढे चालणारा माणूस, थर्मल कॅमेरा, जखमींच्या जागा लगेच खुणावणे, असे काही ठोस आले पाहिजे. ‘काळजी घ्यायला सांगेन’ हे उत्तर नव्हे.

तोंडी गप्पांपेक्षा कागदावरचे गणित जास्त सांगून जाते. हे एक द्या. कॅटेगरी ९ चा विमानतळ, प्रत्येकी १०,००० लिटरचे तीन क्रॅश फायर टेंडर (विमानाच्या आगीसाठीच्या खास गाड्या). रात्री दोन वाजता एकाचा पंप गेला, ७७७ पन्नास मिनिटांवर आहे. आता कॅटेगरी किती? घाईत बरेच जण ८ म्हणतात, कारण उरलेले २०,००० लिटर ८ च्या १८,२०० लिटरपेक्षा जास्त आहेत. पण ८ लाही तक्त्यात तीन गाड्या आहेत. दोनच उरल्यावर कॅटेगरी ७. यापुढची पायरी अधिक महत्त्वाची: हवाई वाहतूक नियंत्रणाच्या टॉवरला तात्काळ कळवणे, नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढायला लावणे आणि मग दुरुस्तीमागे लागणे. ‘विमान येईपर्यंत पंप दुरुस्त करून घेऊ’ म्हणणारा कितीही हुशार असला तरी त्याला घेऊ नका.

दुसरा प्रश्न हद्दीबाहेरचा. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान विमानतळाच्या कुंपणाबाहेर वसतिगृहाच्या इमारतीवर पडले. असे घडल्यास तुम्ही किती गाड्या बाहेर काढाल? उत्तरात गाड्यांच्या आकड्यासोबत दोन गोष्टी याव्यात: बाहेर गेलेल्या गाड्यांमुळे आत कॅटेगरी किती खाली आली ते टॉवरला सांगणे, आणि शहराच्या दलाशी आधीच झालेला लेखी करार.

अंतिम यादीतल्या दोघा-तिघांना एका शिफ्टचा टर्नआऊट ड्रिल (कॉल येताच गाड्या बाहेर काढण्याचा सराव) पाहायला लावा आणि पानभर टिपण मागा. स्टॉपवॉच केव्हा सुरू केले ते बघा. रिस्पॉन्स टाइम पहिल्या कॉलपासून मोजायचा आणि पहिली गाडी किमान निम्म्या दराने फोम मारण्याच्या स्थितीत येईपर्यंत धरायचा. मर्यादा तीन मिनिटांची, लक्ष्य दोन मिनिटांचे. फायर स्टेशनचे शटर उघडल्यावर बटण दाबणारा वीस-तीस सेकंद सहज लपवतो, आणि पुढे ऑडिटमध्ये ते विमानतळाच्या अंगाशी येते.

संदर्भ तपासताना आधीच्या ठिकाणच्या एचआरवर थांबू नका. तिथल्या टॉवरमधल्या किंवा एअरसाइड सेफ्टीतल्या (धावपट्टीकडच्या भागाची सुरक्षा पाहणाऱ्या विभागातल्या) माणसाशी बोला. ‘कॅटेगरी उतरवायची वेळ आली तेव्हा हे गृहस्थ किती लवकर कळवायचे?’ एवढे एकच विचारले तरी पुरते.

नेमणूकपत्राकडे सहसा दुर्लक्ष होते. कॅटेगरी कमी झाल्याचे टॉवरला थेट कळवण्याचा अधिकार प्रमुखाला आहे, त्यासाठी वरिष्ठांची परवानगी नको, असे त्यात स्पष्ट लिहा. त्याला टर्मिनल मॅनेजरच्या हाताखाली ठेवलेत तर उड्डाणे थांबू नयेत या दबावाखाली चांगला माणूसही गप्प बसायला शिकतो.

विमानतळ नवा असेल तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवाना तपासणीच्या सहा महिने तरी आधी प्रमुख रुजू व्हायला हवा. आपत्कालीन योजना, ग्रिड मॅप (चौकटी आखलेला परिसराचा नकाशा), जवानांचे हॉट ड्रिल (प्रत्यक्ष आग पेटवून केलेला सराव) हे त्याच्याच देखरेखीखाली व्हावे. चालू विमानतळावर जुन्या आणि नव्या प्रमुखाला महिनाभर एकत्र ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात फोम कॉन्सन्ट्रेटचा (पाण्यात मिसळायच्या मूळ द्रवाचा) साठा दोघांच्या सहीने मोजून घ्या: गाड्यांवरचा, शिवाय त्याच्या दुप्पट राखीव. पिंपावरची बॅच, मुदत आणि शेवटच्या प्रयोगशाळा चाचणीची तारीख नोंदवा. सील तुटलेले किंवा दोन कंपन्यांचा फोम एकत्र ओतलेले पिंप साठ्यात धरू नका.