पिळदार दंड बघून ट्रेनर निवडताय? या चुका टाळा

डॉक्टरांनी आईला वजनाचे व्यायाम सुरू करायला सांगितले, तेव्हा तिच्यासाठी ट्रेनर मी शोधला. आईचं वय ६१, बीपीची गोळी चालू, गुडघे अधूनमधून कुरकुरणारे. जिममध्ये चार-पाच ट्रेनर होते. त्यातल्या सगळ्यात पिळदार मुलाकडे मी बोट दाखवलं आणि महिन्याचे पैसे भरून टाकले. तो काय शिकलाय, या वयाच्या कुणाला त्याने आधी शिकवलंय का, यातलं काहीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आईसोबत गेले. ती ट्रेडमिलवर होती. मनगटावरच्या घड्याळात ठोके १०८ दिसत होते आणि तो मुलगा बाजूला उभा राहून सांगत होता, "काकू, १२७ पर्यंत न्यायचंय. अजून थोडा जोर लावा." आईचा चेहरा लालबुंद झाला होता, तिला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, आणि आकडा काही केल्या वर सरकत नव्हता.

तो सरकणारच नव्हता. आईची गोळी बीटा ब्लॉकर गटातली आहे. ठोके फार वाढू न देणं हे तिचं कामच. मुलाने २२० मधून वय वजा केलं, १५९ आले, त्याचे ८० टक्के काढले आणि तो आकडा गाठायला आईला पळवत राहिला. हे '२२० वजा वय'चं सूत्र १९७१ च्या एका लेखातून रूढ झालं. निरोगी माणसांतसुद्धा ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर ते लागूच पडत नाही. अशा माणसाला किती दम लागतोय ते विचारायचं असतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची मोजपट्टी त्यासाठीच आहे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. पण त्या मुलाने आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी काही झालं नाही. होऊ शकलं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

चूक पहिली : त्याचं शरीर हीच त्याची पात्रता समजणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात. पिळदार शरीर बघितलं की वाटतं, याने स्वतःचं एवढं केलं तर आपलंही करेल. पण शरीर कसं दिसतं यात शिक्षणाचा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती, ते बाहेरून कळत नाही.

आधी अंगकाठी आणि आनुवंशिकता घ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांना एका दंडाचा सारखाच व्यायाम १२ आठवडे करायला लावला होता. काहींच्या स्नायूचा आकार ५९ टक्क्यांपर्यंत वाढला. काहींचा वाढलाच नाही, उलट दोनेक टक्के घटला. ताकदीतही हाच प्रकार. कुणाची शून्य टक्के वाढली तर कुणाची २५० टक्के. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच. ज्याचं शरीर पटकन भरतं त्याला काहीही केलं तरी फळ मिळतं, त्यामुळे काय चुकतंय हे शोधायची वेळच त्याच्यावर येत नाही. तुमचं शरीर मात्र तसं नसेल, तर तुम्हाला नेमकं हेच शोधता येणारा माणूस हवा असतो.

दुसरी गोष्ट औषधांची. १९९६ साली ४३ पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं (स्नायू वाढवणाऱ्या पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन, असे १० आठवडे. ज्यांनी इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम अजिबात केला नाही, त्यांचं चरबी वगळून वजन सुमारे तीन किलो वाढलं. ज्यांनी मन लावून व्यायाम केला पण टेस्टोस्टेरॉन घेतलं नाही, त्यांचं सुमारे दोन किलो. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. मी कुणा ट्रेनरवर संशय घेत नाही. पण नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही, आणि तुम्ही निर्णय नुसत्या डोळ्यांनीच घेताय.

याची दुसरी बाजूही आहे. पन्नाशीतली, साध्या अंगाची, जराशी जाडसुद्धा असलेली व्यक्ती उत्तम ट्रेनर असू शकते. तिने स्वतः नियमित व्यायाम करावा आणि प्रत्येक हालचाल नीट करून दाखवावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यापुढे तिच्या पोटाकडे बघायचं कारण नाही.

चूक दुसरी : सर्टिफिकेट बघितलं, वाचलं नाही

भिंतीवर फ्रेम लावलेली असते, त्यावर सोनेरी शिक्का असतो आणि आपण समाधानी होतो. अनेक देशांत 'पर्सनल ट्रेनर' म्हणवून घ्यायला कायद्याने कुठलंही शिक्षण लागत नाही. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही असा कागद मिळतो. म्हणून जवळ जाऊन वाचा : कोणी दिलं, कधी दिलं, कधीपर्यंत चालतं.

जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थांपैकी काही अशा : अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (स्थापना १९५४), नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन (१९७८), अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज (१९८५) आणि नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (१९८७). अनेक देशांत त्यांच्या स्वतःच्या मान्यताप्राप्त संस्थाही आहेत. चांगल्या संस्थेची खूण अशी, की तिची परीक्षा बाहेरच्या कुणीतरी तपासून मान्य केलेली असते, तिचं सर्टिफिकेट दोन किंवा तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतं, मधल्या काळात पुढचं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि ट्रेनरचं नाव टाकून ते खरं आहे का हे तपासता येतं. व्यायामशास्त्राची पदवी असेल तर सोन्याहून पिवळं.

एक कागद वेगळा मागा : सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवणं) आणि एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनचं) प्रशिक्षण. हे सर्टिफिकेट साधारण दोन वर्षं चालतं. जिममध्ये कुणाचं हृदय बंद पडलं तर पहिली काही मिनिटं ट्रेनरच्या हातात असतात. जिममध्ये एईडी मशीन कुठे ठेवलंय, हे त्यालाच विचारा. क्षणाचाही विचार न करता बोट दाखवता आलं पाहिजे.

चूक तिसरी : 'दहा वर्षांचा अनुभव' ऐकून मान डोलावणं

२००२ साली ११५ ट्रेनरची ज्ञानपरीक्षा घेतली गेली होती. आहार, आरोग्य तपासणी, व्यायामाची आखणी अशा विषयांवर. व्यायामशास्त्राची पदवी आणि नामांकित संस्थेचं सर्टिफिकेट असलेल्यांचे गुण चांगले आले. अनुभवाच्या वर्षांचा गुणांशी काहीच संबंध दिसला नाही. दहा वर्षं एकच चूक करत राहिलं तरी अनुभव दहा वर्षांचाच भरतो. त्यापेक्षा विचारा, "माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या त्रासाच्या कुणाला शिकवलंय? त्यांच्या व्यायामात काय बदल केले होते?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घडाघडा आलं, तर अनुभव खरा.

चूक चौथी : 'आधी आणि नंतर'च्या फोटोंवर विश्वास

प्रकाश वरून पडला, पोट आत घेतलं, नुकताच व्यायाम करून स्नायू फुगलेले असले की त्याच दिवशी 'नंतर'चा फोटो निघतो. पहिल्या आठवड्यात झरझर उतरणारं वजनही बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं आणि खाणं एकदम कमी केलं की दोन्ही जातात. फोटोतला माणूस वर्षभरानंतर कसा आहे, हे विचारा.

चूक पाचवी : पहिल्या भेटीत तो काय करून दाखवतो तेच बघणं

पहिल्या भेटीत बघायचं ते एकच : तो किती विचारतो. हृदयाचा काही त्रास, छातीत दुखणं, चक्कर, बीपी, हाडा-सांध्यांची दुखणी, चालू औषधं, जुनी ऑपरेशनं. यासाठी 'पार-क्यू' नावाची छोटी प्रश्नावली १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरतात. सुरुवातीचे सात प्रश्न हो-नाहीचे, पाच मिनिटांचं काम. हेसुद्धा न करता जो तुम्हाला थेट मशीनवर बसवतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

आईची दुसरी ट्रेनर मी हेच बघून निवडली. बारीक चणीची, चष्मा लावणारी बाई. तिने आधी एक वही काढली. गोळ्यांची नावं विचारली, आईला आठवेनात तेव्हा म्हणाली, "काही घाई नाही, उद्या पाकीटच घेऊन या, आज आपण वजन उचलणार नाही." मग आईला खुर्चीवर बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितलं. ती स्वतः शेजारी उकिडवी बसून आईचे गुडघे बघत होती. "उजवा आत जातोय बघा. दुखतं ते बोटाने दाखवाल का?" आईने दाखवलं. खुर्चीवर एक जाड गादी ठेवून तिने उंची वाढवली आणि म्हणाली, "आता करा." गुडघा सरळ राहिला. तेवढा एकच बदल, आणि आईचा पहिला स्क्वॉट झाला.

पुढच्या वेळी हातात हलकं डम्बेल आलं तेव्हा तिने आईला मोठ्याने आकडे मोजायला लावले. मला वाटलं, किती वेळा उचललं ते मोजायला. नंतर कळलं, बोलत असताना श्वास कोंडून धरता येत नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम उसळतं. हे तिने ज्या सहजतेने केलं, ते कुठल्याही दंडावर दिसत नाही.

चूक सहावी : जितकं दुखेल तितकं चांगलं, असं मानणं

नवा व्यायाम केला की एक ते तीन दिवस अंग दुखतं, हे ठीक. पण पहिल्याच दिवशी शंभर स्क्वॉट मारायला लावणारा ट्रेनर कडक नसतो, अडाणी असतो. अति ताणाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू सुजले, असह्य दुखू लागले, लघवी गडद चहासारखी झाली, तर ट्रेनरला फोन करण्यात वेळ घालवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

भार हळूहळू वाढवण्याची पद्धत काही नवी नाही. थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करताना ती बसवली. जखमी माणसाला जमेल तिथून सुरू करून मोजून वाढवत नेणं, हेच तिचं मूळ. तुमच्या ट्रेनरकडे मागच्या वेळच्या वजनाची आणि रेप्सची (किती वेळा केलं त्याची) नोंद नसेल, तर तो कशाच्या आधारावर वाढवतोय ते विचारा.

चूक सातवी : त्यालाच डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ करणं

"हा डिस्कचाच त्रास आहे", "ती गोळी बंद करा", "हा सप्लिमेंटचा डबा माझ्याकडूनच घ्या". यातलं एक जरी वाक्य कानावर आलं तरी सावध व्हा. निदान करणं आणि औषध बदलणं डॉक्टरांचं काम. आजारात काय खावं ते आहारतज्ज्ञ सांगतील. सप्लिमेंट विकून ज्याला कमिशन मिळतं, त्याचा सल्ला निःपक्ष राहणं अवघड. "हे माझ्या कामात बसत नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवा" असं म्हणणाऱ्या ट्रेनरबद्दल माझा आदर वाढतो.

पैसे भरून झालेत आणि आता शंका येतेय?

घाबरू नका, बऱ्याच गोष्टी बोलून सुटतात. ट्रेनर सेट चालू असताना फोनमध्ये बघत असेल, तर तिथेच थांबा आणि शांतपणे सांगा, "तुमचं लक्ष असेल तेव्हाच मी पुढचा करते." सगळ्यांना एकच व्यायाम देत असेल, तर प्रत्येकाबद्दल विचारा, "हा माझ्यासाठी का?" दोन वाक्यांचं साधं उत्तर मिळायला हवं. सांध्यात टोचल्यासारखं दुखतंय असं सांगूनही "सवय होईल" म्हणत असेल, तर तो व्यायाम त्या क्षणी सोडा. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. न विचारता अंगाला हात लावत असेल, नको म्हटल्यावरही थांबत नसेल, तर समजावत बसू नका, व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करा.

एवढं करूनही फरक दिसला नाही, तर ट्रेनर बदलून मागा. आपल्याला भीड पडते, मुलगा चांगला आहे, वाईट वाटेल त्याला. मलाही पडली होती. मी व्यवस्थापकांना एवढंच म्हणाले, "आईच्या औषधांची माहिती घेऊन शिकवणारं कुणी द्या." पाच मिनिटांत काम झालं.

नवीन ठिकाणी वर्षाचं पॅकेज एकदम घेऊ नका, आधी चार-सहा सेशनचे पैसे भरा. मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते लेखी घ्या. आणि स्वतःची एक वही ठेवा : तारीख, व्यायाम, वजन, रेप्स, किती दम लागला, कुठे दुखलं. ट्रेनर बदलला तर तीच वही पुढच्याच्या हातात द्या, म्हणजे तुमचा गुडघा त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असेल.